मीनाच्या लेखातल्या मोकळ्या जागा

वस्तीतल्या वाचनालयाची जुनी स्मरणिका वेबसाइटवर चढवायचं काम बुद्धप्रियाकडं आलं होतं. पुण्याच्या कंपनीची नोकरी ती सोलापुरात घरूनच करायची; इतर दिवशी वेळ नसे, म्हणून हे काम तिनं रविवारी काढलं. स्मरणिकेत तिच्या आईचा, मीनाबाईंचा, लेख होता. आई जाऊन तीन वर्षं झाली होती.

तिनं लेखाच्या ओळी दोन्ही कडांना जुळवल्या आणि मोबाईल वडिलांपुढं धरला. सिद्रामांनी तीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवले होते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"शब्द लई लांब लांब पडल्यात. ह्या ओळीत तर तीनच शब्द. मधनं बैलगाडी जाईल."

"जागा अक्षरांमध्ये वाटून बघते, अण्णा."

तिनं सेटिंग बदललं. ओळी भरल्या, पण अक्षरं सुटी झाली, शिरोरेषा जागोजागी तुटली. सिद्रामांनी नकारार्थी मान हलवली. तिनं ते लगेच मागं घेतलं.

"तुजी आई ह्याच लेखावरनं मला बोलली होती," ते म्हणाले.

बुद्धप्रियाला हे ठाऊक नव्हतं.

एकोणऐंशी साल. मीना कॉलेजात होती. स्मरणिका सिद्रामांच्या छापखान्यात छापायला होती, म्हणून आपल्या लेखाचं प्रूफ बघायला ती तिथं आली. पानावर अरुंद रकाने होते आणि ओळी भरायच्या घाईत सिद्रामांनी शब्दांमध्ये मिळतील ते कोरे तुकडे कोंबले होते. तिनं प्रूफावर बोट ठेवून विचारलं, "माझी वाक्यं अशी अडखळत का बोलतायत?"

"मालक म्हणले, हाय तसं जाऊ दे. ते गेल्यावर मी अख्खी जुळणी मोडली आन् पानाला दोनाच्या जागी एकच रुंद रकाना घेऊन परत लावली. एक पान वाढलं. मालकांनी लई झापलं." सिद्राम सांगत होते. "दुसऱ्या दिवशी ती आली. सगळं वाचलं. आन् हसली. दोन वर्सांनी आमचं लग्न झालं."

"पण मोबाईल रुंद कसा करू?"

"अरुंद जागेत उजवी कड सोडून द्यायची. शब्द संपंल तितं ओळ संपवायची."

तिनं तसंच केलं. मोठ्या स्क्रीनवर दोन्ही कडा सरळ, मोबाईलवर फक्त डावी.

"आता वाच," सिद्राम म्हणाले. "मी ह्यो लेख कदी नीट वाचलाच न्हाय. जुळवताना अक्षर दिसतं, लेख न्हाय. आन् स्मरणिकेची आपली प्रत घर बदलताना गेली."

ती वाचू लागली. गिरणीतून केसांत कापूस घेऊन येणारी मीनाची आई, पाटीवर स्वतःचं नाव गिरवताना तिची अवघडलेली बोटं. तिथं बुद्धप्रिया वाचायची थांबली. सिद्रामांनी फोन घेतला आणि ओळीखाली बोट धरून पुढचं स्वतः वाचलं. शेवटी नाव होतं, कु. मीना शिवशरण. लग्नाआधीचं ते नाव त्यांनी सावकाश उच्चारलं, आणि फोन बराच वेळ हातातच ठेवला.