ओवाळणीतला बिल्ला

भार्गवीला सख्खा भाऊ नाही, चुलत-मामेभाऊही नाहीत. अशा पोरींची आपल्याकडे सोय करून ठेवलेली आहे: भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं. पुण्यात ती लहानपणापासून हे इमानेइतबारे करत आली होती. पण सिंगापूरच्या आभाळाला कार्तिक कळत नाही. मरीन परेडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ती तबक घेऊन उभी होती, डावीकडे समुद्रात नांगरलेली जहाजं, समोर शहराच्या इमारती, आणि वर नुसता ढग.

"काय शोधतेस?" आतून रॉनने विचारलं.

रॉन पार्किन तिचा घरमालक. मूळचा पर्थकडचा, जहाज कंपनीच्या नोकरीसाठी इथे आला तो इथलाच झाला. ऐंशीला टेकलेला, बायको गेल्यापासून एकटा, म्हणून एक खोली भाड्याने देई. भार्गवी विद्यापीठात इतिहासाची पोस्टडॉक, डॉक्टरेटनंतरचं संशोधन करणारी. तिथे जो तो कानात हेडफोन घालून बसलेला. महाराष्ट्र मंडळात गेलं की बायका पहिला प्रश्न विचारत, "मिस्टर कुठल्या बँकेत?" मिस्टर नाहीत म्हटलं की बोलणं संपे. सबंध शहरात रोज तिची वाट पाहणारा माणूस एकच, आणि तो रॉन. रविवारी ती पोहे करी, तो दोनदा वाढून घेई. त्याच्याशी बोलली नाही तर दिवस तोंड मिटूनच जाई.

तिने चंद्राची भानगड समजावून सांगितली. रॉन हसला. "मी चालेन का? चंद्रासारखं टक्कल तरी आहे."

मग काय, थट्टेथट्टेत खुर्ची पूर्वेला तोंड करून मांडली. डोक्यावर काहीतरी हवं म्हणून त्याने क्रिकेटची जुनी हॅट चढवली. भार्गवीने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी न् अंगठी फिरवून निरांजनाने ओवाळलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तिचेही आले, खोटं कशाला सांगा.

"आता भावाने तबकात काहीतरी टाकायचं असतं," ती म्हणाली. "आवडीचं, काहीही."

रॉन लगबगीने आत गेला, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि परत येऊन त्याने तबकात एक छोटा हिरवा-पांढरा बिल्ला ठेवला. "तुझ्या जुन्या क्लबांसाठी. कधीचा तुला द्यायचा होता."

इथे भार्गवीची चूक सांगायला हवी. आपला विषय सांगितला की लोक तोंड वाकडं करतात, "यात नोकरी मिळते का?" म्हणतात, म्हणून तिने तो सोपा करून टाकला होता. जो विचारेल त्याला ती सांगे, "जुन्या क्लबांवर काम करते." रॉनलाही तेच सांगितलं होतं. क्लब कोणते ते त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. एका घरात राहून दोघांना एवढं कळू नये, याला काय म्हणावं!

ते क्लब ऱ्होडेशिया या आफ्रिकेतल्या तेव्हाच्या देशाच्या बाजूचे होते. तिथे मूठभर गोरे लाखो काळ्यांवर राज्य करत होते, आणि ते तसंच चालावं म्हणून दूरदूरच्या देशांत मंडळं निघाली होती. आपल्याकडे गल्लोगल्ली असतात तशी मित्रमंडळं: वर्गणी, सभा, स्नेहभोजन. आपलं मंडळ गणपती बसवतं, यांना दुसऱ्याच्या देशात राजा बसवायचा होता. अशा मंडळातला जिवंत माणूस शोधून दे, असं विद्यापीठातले तिचे सर दोन वर्षं तिच्या मागे लागले होते. बिल्ला तिने ओळखला. फोटोत शंभरदा पाहिला होता.

गप्प बसली असती तर रविवारचे पोहे चालू राहिले असते. तिला तसं फार वाटलं. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने सगळं खरं सांगितलं आणि बिल्ला न् फोन टेबलावर ठेवले. "रेकॉर्ड करू?"

रॉनने बिल्ला फोनच्या अगदी जवळ सरकवला. मग म्हणाला, "कर. लेखात नावही घाल."

तरुणपणी घरच्या शेतावरून तो पर्थला आला तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये जेवण असे, त्यांनी त्याला खुर्ची दिली. आफ्रिकेत तो कधीच गेला नाही. पत्रकं वाटली, सह्या गोळा केल्या. "तिथे मला नावाने हाक मारत," तो म्हणाला.

भार्गवीला हे इतकं समजलं की तिला स्वतःचाच राग आला. तिने विचारलं, "मी आले असते त्या हॉलमध्ये, तर मला खुर्ची दिली असतीत?"

रॉनने कप खाली ठेवला. "नाही," तो म्हणाला. "तेव्हा नसती दिली. पण आज तू माझ्या घरात राहतेस."

"भाडं देऊन राहते," ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिचाच जीव कळवळला.

भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. लेख छापून आला, सर खूश झाले. रविवारी तिला लायब्ररीत कामं निघू लागली. रॉनने एकदा स्वतःच पोहे केले, कच्चे राहिले, आणि ती छान झालेत म्हणाली. ओवाळणी परत करायची नसते, म्हणून बिल्ला तिच्या टेबलाच्या खणात पडून राहिला.

पुढच्या भाऊबीजेला संध्याकाळी ती तबक घेऊन बाहेर आली. रॉनने खुर्ची आधीच पूर्वेला तोंड करून मांडली होती. तो इस्त्रीचा शर्ट घालून, हॅट चढवून, कपाळ थोडं वर करून बसला होता.

आभाळ मात्र त्या दिवशी लख्ख होतं. इमारतींच्या वर चंद्राची बारीक कोर दिसत होती.

भार्गवीला काय करावं सुचेना. तिच्या नजरेचा रोख पाहून रॉनने मान मागे वळवली. त्यालाही चंद्र दिसला.

"अरे, आला की तुझा भाऊ," तो म्हणाला. हॅट काढून तो उठला आणि खुर्ची उचलून घेतली. दारापाशी तो जरासा रेंगाळला. तिने हाक मारावी म्हणून रेंगाळला, हे तिला समजत होतं. हाक तिच्या ओठांपर्यंत आली होती.

तिने चंद्राला ओवाळलं. चंद्र तबकात काही टाकत नाही. ती आत आली तेव्हा रॉनच्या खोलीचं दार लागलेलं होतं, आणि खुर्ची जेवणाच्या टेबलाशी, भार्गवीच्या जागेवर, नीट ठेवलेली होती.