सात मिनिटांचा अध्यक्ष

मल्हारगंजातल्या मराठी वाचनालयात अध्यक्ष निवडायची भानगडच नव्हती. सुप्रीम कोर्टातली चाल उचललेली. ज्याचं सदस्यत्व सगळ्यात जुनं, खुर्ची त्याची, आणि पंचाहत्तरी झाली की उठायचं. ही चाल पाडली शैलजाबाईंनी, शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या तेव्हा. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनाच खुर्चीत बसताना बघितलं. आता नंबर त्यांचा होता, आणि पंचाहत्तरीला चारच महिने उरले होते.

सभेआधी त्यांचं भाषण होतं, सरन्यायाधीशपदाच्या इतिहासावर. नवीकोरी इरकल नेसून आलेल्या. मालोजीला त्यांना बघूनच गुदगुल्या झाल्या. पन्नाशी उलटली तरी या माणसाच्या अंगातला वांडपणा जात नव्हता. गेल्याच महिन्यात सेक्रेटरी श्रीहरीच्या स्कूटरवर ‘फुकट न्या’ अशी चिठ्ठी लावून तो दोन दिवस हसत होता.

बाई बोलत होत्या, ‘‘एक जण तर सतराच दिवस सरन्यायाधीश होते. पण नंबर त्यांचा होता, म्हणून पद त्यांना मिळालं. त्र्याहत्तर साली मात्र तीन ज्येष्ठांना डावलून चौथ्याला बसवलं. तिघांनीही राजीनामे दिले.’’

सदस्यांच्या यादीत मालोजी बरोबर चौथा! एवढा आयता माल कोण सोडतो? भाषण संपलं तसा तो उठला.

‘‘भिया लोक, आपणही त्र्याहत्तर करू. बाईंना सोडा, मला बसवा. हात वर!’’

आता बाई भडकणार, सगळे खो-खो हसणार, मग कचोरी. असा त्याचा हिशोब.

कोणी हसलं नाही. पहिला हात वर गेला तो त्याच्या बायकोचा, कस्तुरीचा. मग श्रीहरीचा. मग खटाखट सगळ्या हॉलचे.

‘‘अरे, मजाक करतोय यार!’’

‘‘ठराव पास,’’ श्रीहरी रजिस्टरमध्ये मान खुपसून म्हणाला. ‘‘बसा, मालोजी. बाई फार कडक आहेत हो. पुस्तकाचं पान दुमडलं तरी सगळ्यांसमोर खरडपट्टी काढतात.’’

मालोजी रजिस्टर हिसकायला टेबलाकडे धावला, तर दोघांनी त्याचे खांदे दाबले. बसायचं नव्हतं, पण मागे अध्यक्षाची खुर्ची होती आणि तो तिच्यात कोसळला. बाईंनी भाषणाचाच कागद उलटा केला, पाठीमागे दोन ओळी लिहिल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. सदस्यत्वाचा राजीनामा.

‘‘बाई, तुम्ही तरी...’’

‘‘राजीनामा अध्यक्षाकडेच द्यायचा असतो. मंजूर कर, मला घरी जायचंय.’’ आवाज नेहमीचा होता. चष्मा मात्र दोनदा पुसला.

‘‘त्या चौथ्याने नाही म्हटलं असतं तर?’’

‘‘म्हटलं नाही ना त्याने.’’

मालोजीने घड्याळ बघितलं. खुर्चीत बसून सात मिनिटं झालेली. त्याने तो कागद टराटरा फाडला आणि खिशात कोंबला.

‘‘अध्यक्ष म्हणून सांगतो, नामंजूर. आणि आता माझा राजीनामा. लिही, श्रीहरी! खुर्ची खाली झाली. यादीत पहिलं नाव कोणाचं?’’

श्रीहरीला यादी तोंडपाठ होती. तरी त्याने पानं चाळली. ‘‘शैलजाबाईंचं.’’

‘‘मग? आता कोणाला हात वर करायचाय?’’

एकही हात हलला नाही. बाई उभ्याच. मालोजीला वाटलं, जातात आता. पण त्यांनी पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि बसल्या.

‘‘तुझ्यासाठी नाही बसले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नंबर माझा आहे. श्रीहरी, पुढचा विषय.’’

मालोजी जाऊन कस्तुरीच्या शेजारी बसला. कचोरीची थाळी आली, त्याने पुढे सरकवली.

‘‘तू खरंच हात वर केलास?’’ तो पुटपुटला.

‘‘मला वाटलं, तू पहिल्यांदाच काहीतरी सीरियस बोलतोयस,’’ कस्तुरी म्हणाली.