बेसचं अर्थिंग

लेक झाल्यावर वर्षभराने माझा बेस गिटार भिंतीवरून उतरला, तो दुखणं घेऊनच. अँप लावला की घूंऽऽ, आत भुंगा कोंडल्यासारखं. पहिल्याच तालमीत ड्रमरदादाने शांतपणे सांगितलं, "शनिवारी बारापर्यंत ही घूं घालव आणि फोनवर ऐकव. नाहीतर संध्याकाळच्या कार्यक्रमाला मी दुसरा बेसवाला बोलावतो."

शनिवारी अकराला लेक झोपली. म्हणजे माझ्या हातात एक तास, तोही तिच्या मर्जीचा.

सासरे मदतीला बसले. जन्मभर कारखान्यात वायरमन. घरात काही बिघडलं की त्यांचा चेहरा उजळतो.

"तारांना हात लाव," ते म्हणाले. लावला. घूं तशीच. "आता या नॉबला." धातूच्या नॉबला बोट टेकलं आणि आवाज जवळजवळ बसला.

"म्हणजे तारांपर्यंत अर्थिंग पोचत नाही. नॉब धरूनच वाजव, झालं."

"एका हाताने, बाबा?"

"पोरीला कडेवर घेऊन स्वयंपाक करतेसच की."

प्लग काढला, तारा सैल केल्या आणि ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची धातूची पट्टी, उचलला. खाली अर्थिंगची वायर होती. तिचं टोक उघडं, ब्रिजला टेकलेलं हवं. इथे त्याला काळी चिकटपट्टी, तीन वेढे, कडा कात्रीने कापलेल्या.

आमच्याकडे इतकं नेटकं काम एकच माणूस करतो. लेक रांगायला लागल्यापासून नवऱ्याने टेबलाचे कोपरे, खणांच्या मुठी, प्लगची भोकं, सगळं बंदोबस्तात ठेवलंय. फ्रिज उघडायला मला अजून दोन्ही हात लागतात.

कपडे वाळत घालून तो आत आला आणि चिकटपट्टी बघून थबकला.

"तू परत वाजवणार म्हणून ब्रिज काढून पुसला होता. खाली वायर उघडी दिसली. घरात रांगतं मूल."

"ती ब्रिजखाली कशी रांगेल?"

"काल कपाटामागे सापडली. तिचं काही सांगता येत नाही."

"जन्मभर लोकांची अर्थिंगं जोडली," सासरे म्हणाले, "आणि पोटी कोण आलं, तर तोडणारा."

"तोडली नाही हो. झाकली."

मी रागवायचं ठरवलं होतं, पण त्या कापलेल्या कडा बघून जमेना. वर्षभर मी ज्याच्याकडे बघितलंही नाही, ते हा पुसत बसला होता.

पट्टी सोलली, टोक खरवडून चकचकीत केलं, ब्रिजखाली दाबून स्क्रू आवळले, तारा सुरात लावल्या. अँप लावून तारांवर हात ठेवला आणि बाराला पाच कमी असताना ड्रमरदादाला फोन केला.

"काहीच ऐकू येत नाहीये," तो म्हणाला.

"तेच ऐकवतेय."

"अगं, मग वाजव तरी."

मी वाजवलं. आतल्या खोलीतून लगेच भोकाड आलं. नवरा धावला.

"ही कोण?" ड्रमरदादाने विचारलं.

"आमची पोरगी."

"गळा दणदणीत आहे. पाचला ये. तिला मात्र मागच्या रांगेत बसव."