आधीच शिवलेला झगा

रंगारी बहिणीच्या दारात आला, तो तोंडावर सांगून मोकळं व्हायचं असं ठरवूनच. उद्या सकाळी प्रार्थनामंदिरात त्याचा बाप्तिस्मा होता. घरातल्या सगळ्यांचा कधीच होऊन गेला, हाच तेवढा राहिला होता. आणि आता तो घ्यायचा नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं.

ताई खिडकीशी बसून सदऱ्याला काजं करत होती. पूर्वी त्या खिडकीशी तिचं शिलाई मशीन असायचं. आता तिथे कुंडी होती. ऐन विशीत, दारूच्या पायी, ह्यानेच ते मशीन उचलून विकलं. दारू सुटली, पण ती कुंडी काही त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"आलास? उद्याचा झगा घालून बघ."

"ताई, मी उद्या पाण्यात उतरत नाही. आधी तुझं मशीन आणून देतो. मग आत्म्याचं काय ते तारण."

"म्हणजे आधी अंग स्वच्छ करणार, मग आंघोळीला बसणार?"

"थट्टा नको गं. पाळकसाहेब म्हणतात, प्रभूने वधस्तंभावर माझी किंमत भरली. भरली असेल. पण तुझ्यापुढे मी कुठल्या तोंडाने पांढरं घालू?"

ताईने दातांनी दोरा तोडला, कपाटातून झगा काढला. "झालं बोलून? हात वर."

झगा खांद्यांवरच अडकला. रंगाचे डबे वाहून वाहून खांदे चांगलेच भरले होते. कॉटवर लोळत पडलेल्या दाजींना हसू आवरेना. "उशीच्या अभ्र्यात गादी कोंबलीय नुसती!"

"तुम्ही गप्प बसा हो. आत भरपूर माया सोडलीय, उसवून मोठा करते."

ती टाके उसवू लागली आणि सवयीने गुणगुणू लागली,

*दोऱ्या सरू नको रे, सुई थांबू नको बाई,*
*भाऊ येई तोवर दार लावायचं नाही.*

शिवणीच्या आतलं दडलेलं कापड बाहेर आलं, शुभ्र. वरचं मात्र सायीसारखं पिवळट. पांढरं असं पिवळं पडायला किती वर्षं लागतात, हे भिंती रंगवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

"ताई, हा शिवलास कधी?"

"शिवला कधीतरी."

"कधीतरी काय?" दाजी उठून बसले. "मशीन गेलं त्याच आठवड्यात! मी तुझ्या नावाने बोटं मोडतोय, आणि ही बया हाताने झगा शिवत बसलेली. तेव्हापासून कपाटात माझ्या कोटाला जागा नाही."

रंगारी कॉटच्या कडेला टेकला. "तेव्हा तर मी माफीसुद्धा मागितली नव्हती. शिवी देऊन गेलो होतो तुला."

"हो. फार घाण शिवी होती." ताईची मान खालीच. "तू कधी येशील, केवढा होऊन येशील, मला काय ठाऊक? म्हणून कापड सोडून ठेवलं. आणि ह्यात माझं कसलं रे कौतुक? मी हाक मारायच्या आधीच माझ्यासाठी कुणीतरी सगळं करून ठेवलं होतं. तेच पाहून शिकले."

रंगाऱ्याने बाहीवरून बोट फिरवलं. मुंग्यांच्या रांगेसारखे बारीक टाके, एकही वाकडा नाही. तो गुत्त्याच्या पायरीवर पडलेला असताना ही इथे त्याच्या खांद्यांचा अंदाज बांधत होती. आणि तो एवढी वर्षं काय धरून बसला होता? की आधी फेडीन, मग येईन. येण्याची तयारी तर कधीच झाली होती, त्याला न विचारता.

झगा पुन्हा शिवून झाला. ह्या वेळी ताईने सांगायच्या आधीच त्याने हात वर केले.

सकाळी प्रार्थनामंदिरातल्या हौदाचं पाणी चांगलंच गार होतं. पाळकसाहेबांनी त्याला बुडवून वर काढलं, मंडळीने गाणं धरलं. पायऱ्यांवर ताई टॉवेल घेऊन उभी होती. तो कुडकुडत वर आला.

"ताई, पगार झाला की मशीन बघायला जायचं हं आपण."

"जाऊ की," ती म्हणाली. "आधी डोकं पूस."