ठिपक्याच्या रक्तातला हमाल

मी एक जुना हमाल आहे. रक्तातला. शास्त्रात मला प्रथिन म्हणतात. पूर्ण नाव लांबलचक आहे, ते राहू द्या. मित्रांनो, दांडी गावच्या ठिपक्या नावाच्या कुत्र्याच्या यकृतात मी जन्मलो. तारापूरला वीज केंद्राचे बांधकाम चालू होते, तेव्हाची ही गोष्ट.

प्राण्यावर संकट आले की त्याच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा रस रक्तात सोडतात. त्याने पळायचे, झुंजायचे बळ येते. पण तोच रस मोकाट सुटला तर शरीर पोखरतो. म्हणून आम्ही त्याला पाठीवर घेऊन फिरतो आणि गरज असेल तिथेच उतरवतो. काम एवढे मोठे, पण आम्ही कुणाच्या खिजगणतीत नाही.

ठिपक्या वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करी. कावळे आले की तो धावे आणि आमची तारांबळ उडे. कावळे गेले की सारे शांत. मालकाची, वामनची, होडी दिसली की तो छातीभर पाण्यात जाऊन उभा राही. येसूबाई, वामनची बायको, त्याच्या शहाणपणाचे कौतुक गावभर सांगे. फार सुखाचे दिवस होते ते.

दिवाळीनंतर वादळ झाले. बाकीच्या होड्या परतल्या, वामनची आली नाही. ठिपक्या समुद्राकडे तोंड करून रडू लागला. वामनची आई जमना हादरली. कुत्रे रडले की घरात मरण येते, अशी तिची पक्की समजूत.

"येसू, त्याला घरामागं बांध," ती सुनेला म्हणाली. "दर्या दिसला नाय का रडनार नाय. माजा पोर जिता येल."

येसूबाईचे मन होईना. पण नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता, नाही कसे म्हणणार? तिने त्याला होडीच्या जुन्या दोरीने खुंटाला बांधले. "थोडी कळ काढ रे बाबा," म्हणाली.

ठिपक्या रडायचा थांबला, पण त्याने अन्नही सोडले. दोरीला हिसडे देऊन देऊन मान सोलून निघाली. आत कॉर्टिसोलचा लोंढा थांबेना, आणि उपाशी यकृतात पुरेसे नवे हमाल घडेनात. आम्ही थोडे, ओझे अफाट. मोकळा सुटलेला रस त्याचे मांस झिजवू लागला, जखम चिघळू लागली. येसूबाई पेज घेऊन येई, तोंडाशी धरी, आणि तशीच परत नेई.

वाहत वाहत मी त्या जखमेपाशी पोचलो. तिथे जखमेवर धावून आलेल्या पांढऱ्या पेशी आमच्यासारख्यांना कापतात. पाठीवरचे ओझे सूज उतरवायला कामी यावे म्हणून. मी माझे ओझे उतरवले आणि तुटलो. तुटका हमाल पुन्हा ओझे उचलू शकत नाही. रक्ताबरोबर दोरीला लागलो तो तिथेच वाळलो.

शेवटी येसूबाईने सासूला न विचारता गाठ सोडली. "जा, बघून ये," म्हणाली. ठिपक्याला उठवेना. दुपारी त्याने प्राण सोडला.

आणि मग वामन आला. होडी भरकटून गुजरातच्या किनाऱ्याला लागली होती. तिथून आगगाडीने बोईसर स्टेशनला उतरून तो चालत आला. जमनाने त्याला कवटाळले. "कुत्रा बांधला म्हनून आला माजा पोर," ती ज्याला त्याला सांगू लागली.

वामन घरामागे गेला. त्याने ती दोरी हातात घेतली, तेव्हा मी त्याच्या तळव्यात होतो.

"रडू द्यायचा व्हता ग त्याला," तो येसूबाईला म्हणाला. "तो मला हाक मारत व्हता."

"तुमी यावं म्हनूनच बांधला," ती म्हणाली. ती खुंटापाशीच उभी राहिली.

मित्रांनो, दोष कुणाला देऊ? एवढेच सांगतो, रडणाऱ्याला गप्प करण्यासाठी बांधू नका. आमच्यासारखे हमाल तुमच्याही रक्तात आहेत, पण आमच्या पाठीलाही मर्यादा असते. येसूबाई अजून खुंटापाशी उभी आहे आणि घरात वामन परतल्याचा आनंद चालला आहे. तिच्याजवळ कुणीतरी जाऊन बसा.