थोरल्या बाईंच्या नोंदी

साल २००३. मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्या रुग्णांची यादी आमच्या कचेरीत असे. त्या बुधवारी सगळी कचेरी माझ्या टेबलाभोवती गोळा झाली होती. कुठलीही जुनी नोंद बदलून सेव्ह केली, की पडद्यावर यायचं : ‘ही नोंद दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे.’ बाकीचे कॉम्प्युटर बंद केले, तरी तेच.

“दुसरं कोण असणार? थोरल्या बाई!” शिपाई पुटपुटला.

थोरल्या बाई आमच्या जुन्या कारकून. दोन महिन्यांपूर्वी वारल्या. अडत होत्या त्या सगळ्या नोंदी त्यांच्याच हातच्या. त्यांच्यानंतर भरलेल्या मात्र सुरळीत. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

त्यातली एक नोंद माझ्या धाकट्या भावाची होती. सहा वर्षं थांबून तिसऱ्या नंबरावर आला होता. शुक्रवारपर्यंत ताजा तपासणी अहवाल चढला नाही, तर नाव यादीतून गळणार होतं.

साहेबांनी बाबा आणला. त्याने कीबोर्डवर मंतरलेलं पाणी शिंपडलं. कीबोर्ड जागीच गेला. “बाई नोंदीत गुंतल्यात,” तो घुमत म्हणाला, “जुनी नोंद पुसा, नवी भरा. सुटतील!” नवा कीबोर्ड लावून दुसऱ्या नंबरच्या रुग्णाची नोंद पुसून नवी भरली. झाली की सेव्ह! टाळ्या पडल्या.

मी नंबर पाहिला. नोंदणीची तारीख आजची पडली, म्हणून तो माणूस थेट शेवटी गेला होता.

“साहेब, याची सात वर्षं पुसली गेली!”

“अगं, यादीत तर आहे ना? उद्या तुझ्या भावाची करू.”

वरच्या मजल्यावर सर्व्हर होता. खालच्यांनी वर जायचं नाही, सगळं साहेबांच्या चिठ्ठीने, असा आमच्याकडचा रिवाज. मी जिना चढले. सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीपुढे मला रडूच कोसळलं.

“मावशी, बसा आधी,” ती म्हणाली. तिने भावाची नोंद उघडली. “हिला कोणीच हात लावलेला नाही.”

“मग दोन महिन्यांत बदललं तरी काय?”

“एक रकाना वाढवला. नवं कार्ड दिलं का, हो की नाही. तुमच्या साहेबांचीच चिठ्ठी होती. नव्या नोंदीत आपोआप ‘नाही’ पडतं, जुन्यांत रिकामा राहिला...” ती थांबली. “अरे देवा! तुमच्या खालच्या प्रोग्रॅमला रिकामं कळतच नाही, तो ‘नाही’ धरतो. सेव्ह करताना सर्व्हरशी ताडून बघतो, तर इथे ‘नाही’ नसतंच. त्याला वाटतं, मधेच कोणीतरी बदललं!”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी एक खोटी नोंद भरली. सेव्ह झाली. मुलीने वरून त्या नोंदीतला कार्डाचा रकाना रिकामा केला. मी पुन्हा बदल केला, आणि नोंद अडली.

“बाबा, ही आत्ता भरलेली. थोरल्या बाई हिच्यात कधी गुंतल्या?”

“आत्मा... फिरता असतो,” म्हणत बाबाने पाण्याची बाटली उचलली.

मुलीने सगळ्या रिकाम्या जागी ‘नाही’ भरलं. भावाचा अहवाल चढला. सर्व्हरच्या जुन्या प्रतीवरून मी दुसऱ्या नंबरवाल्याची तारीख परत लावून घेतली.

शनिवारी मूत्रपिंड आलं, पहिल्या नंबरवाल्याशी जुळलं नाही, म्हणून ते त्याला मिळालं. तो अजून आहे. भावाला आणखी पाच महिने काढावे लागले. पुढे अकरा वर्षं जगला. साहेब बढतीवर गेले. ती मुलगी आता परदेशात असते. बाबाचं दुसऱ्या गावी चांगलं चाललंय, असं ऐकते.

म्हणून सांगते : काही अडलं, तर काय अडतं, काय अडत नाही आणि मधे काय बदललं, एवढं आधी विचारा. ज्याला माहीत असेल, त्याच्याकडे जिना चढून जा. कारण सापडेपर्यंत कोणाचीही नोंद पुसू देऊ नका. तिच्यामागे एक माणूस वाट पाहत असतो.