झाकणाच्या आतली खूण

पणजोबांनी दुकान थाटले, आजोबांनी त्याला नाव मिळवून दिले, आणि वडिलांनी ते नाव जपता जपता स्वतःचे डोळे अधू करून घेतले. तीन पिढ्यांनी भिंगातून पाहिलेले ते घड्याळदुरुस्तीचे दुकान मग लेकीच्या हाती आले. गिऱ्हाइके तिला घड्याळताई म्हणत, आणि तेच नाव पाटीवरही चढले.

घराण्याची एक रीत होती. पावती द्यायची नाही. "ज्याला भरवसा नाही त्याने खुशाल दुसरीकडे जावे," असे आजोबा गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. नोंद एका वहीत होई. शिवाय घड्याळ दुकानात येताच त्याच्या मागच्या पितळी झाकणाच्या आत सुईने तारीख, दुखणे आणि दुरुस्त करणाऱ्याची खूण कोरली जाई. पणजोबांची चांदणी, आजोबांचा त्रिकोण, वडिलांच्या दोन आडव्या रेघा. ताईंचे नुसते टिंब.

शेजारच्या गोदामातली आग दुकानात शिरली तेव्हा दुरुस्तीला आलेली एकेचाळीस घड्याळे आत होती. वही जळली. विमा गिऱ्हाइकांच्या मालाचाही होता. वडिलांनी तो हट्टाने उतरवला होता. तरी कंपनीचे पत्र आले: ही घड्याळे त्या दिवशी दुकानात होती यास पुरावा नाही, सबब दावा नामंजूर. आता एकेचाळीस घरांची भरपाई करायची तर दुकानाची जागा विकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ताईंचा भाचा वकील होता. तो डोक्याला हात लावून बसला. "आत्या, एक पावती! एकच! जगाचे विम्याचे दावे मी लढतो, आणि माझ्याच घरी कागदाचा कपटा नाही!"

"कपटा असता तर तोही जळला असता," ताई म्हणाल्या. "पितळ जळत नाही. ती झाकणे आण इकडे."

दोन महिने त्या अंगणात बसून तेल आणि मऊ ब्रशने काजळी सोडवत राहिल्या. एकेका झाकणातून जुने दिवस वर येत होते. लहानपणी दुकानात शिरले की चाळीस घड्याळे चाळीस तऱ्हांनी बोलत, आणि वडील त्या गलबल्यातून नेमके आजारी घड्याळ ओळखत. "ते कोपऱ्यातले लंगडतेय बघ," म्हणत. त्यांच्या बोटांना तेलाचा वास असे. जेवतानाही तो जात नसे. आई रागवायची, आणि तो वास सुटू नये म्हणून ताई मुद्दाम त्यांच्याच शेजारी पान मांडून घ्यायच्या.

एका झाकणात, आगीच्या आठवडाभर आधी ताईंनी कोरलेल्या टिंबाच्या वरच्या बाजूला, एकतीस वर्षांपूर्वीची तारीख आणि तिच्याखाली तोवर जुन्या कळकाखाली दडलेल्या दोन आडव्या रेघा निघाल्या. सोबत वडिलांचे बारीक अक्षर: 'ठोक्यांची स्प्रिंग मिळाली नाही. पैसे पूर्ण घेतले. ठोके देणे.' घड्याळ एका निवृत्त मुख्याध्यापिकेचे होते.

भाचा दचकला. "याची आपण पूर्ण किंमत मागितली आहे. हे झाकण मागे ठेवू, आत्या. चाळीस पुरेत."

"एकेचाळीस घड्याळे होती. एकेचाळीस झाकणे जातील."

"दावाच खोटा ठरवतील!"

"ठरवू देत. झाकण मात्र जाईल."

कोर्टात कंपनीच्या वकिलांनी झाकणे चाळली. "या खुणा आगीनंतर घरी बसून कोरल्या नाहीत कशावरून?"

"ताजा चरा चकाकतो, वकीलसाहेब. इथे काजळी रेघांच्या तळापर्यंत बसली आहे, घासूनही निघालेली नाही," ताई म्हणाल्या.

"काजळी चोळताही येते." मग त्यांच्या हाती नेमके ते झाकण लागले. त्यांनी ते मोठ्याने वाचले. "म्हणजे घड्याळ ठोके देत नव्हते, आणि मागणी पूर्ण किमतीची?"

भाच्याने मान खाली घातली. ताईंनी घातली नाही.

"दाव्यानंतर हे झाकण साफ झाले. ठोक्यांची किंमत वजा करा. ते देणे माझ्या वडिलांचे आहे, तुमच्या कंपनीचे नव्हे."

न्यायाधीशांनी ताईंकडून त्यांच्या वडिलांचे भिंग मागून घेतले आणि ते झाकण बराच वेळ न्याहाळले. "पुरावा रचायला बसलेली मुलगी," ते म्हणाले, "बापाची उधारी कोरत नाही." त्या एका किमतीतली वजावट सोडून दावा मंजूर झाला.

चाळीस घरांना त्यांचे पैसे पोचले. एकेचाळिसाव्या घड्याळाच्या आगीतून वाचलेल्या पितळी यंत्राला विम्याच्या पैशांतून नवी लाकडी पेटी मिळाली. स्प्रिंग मात्र ताईंनी स्वखर्चाने, स्वतःच्या हातांनी घडवली. तीन मोडल्या, चौथी बसली. मग घड्याळ कवेत घेऊन त्या मुख्याध्यापिकेच्या दारी गेल्या.

बाईंनी चष्मा सावरला. "तुझे वडील म्हणाले होते, पुढच्या महिन्यात ठोके येतील."

"जरा उशीर झाला, बाई."

"उशिरा येणाऱ्यांना मी वर्गाबाहेर उभे करत असे." आणि त्यांनी दार पूर्ण उघडले.

घड्याळ भिंतीवर चढले. चारला तीन मिनिटे होती. दोघी खुर्च्या ओढून समोर बसल्या. मग एक, दोन, तीन, चार. बाईंनी डोळे मिटले होते ते तसेच राहिले.

ताईंनी घड्याळ उतरवले, झाकण उघडले, आणि दोन आडव्या रेघांखाली सुईने कोरले: 'ठोके दिले.' पुढे एक टिंब.